बैलासारखी पारखलेली जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. किती जुनी, ते विचारू नका. कागदावर माझं वय एक आहे आणि जिलानी मिस्त्रींच्या तोंडी दुसरंच आहे. रंग पांढरा म्हणायचा, जरी खालची अर्धी बाजू काळ्या मातीनं कधीच आपली करून घेतली आहे. पत्ता लातूर जिल्हा, चाकूर तालुका. डांबरी रस्ता सोडून तीन किलोमीटर आत आलात की एक ओढा लागतो. ओढा ओलांडला की पत्र्याचं घर दिसतं आणि घरासमोर मी दिसते. इथवर येणं सोपं नाही, म्हणूनच तर मला आणलं गेलं.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. रांगेत उभं राहायचं, कोणी दारं बसवायचं, कोणी दिवे बसवायचं. पण माझ्यात एक गोष्ट साध्या गाड्यांपेक्षा वेगळी होती. गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी एक लहान दांडा होता. तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढचीही चाकं जोर लावतात आणि गाडी चिखलातून वर येते. मात्र त्याआधी खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध बसवलेली चकती हातानं फिरवावी लागते. डावीकडची फिरवली आणि उजवीकडची राहिली, तर पुढची चाकं नुसती शोभेची. हे नीट लक्षात ठेवा, चांगली शहाणी माणसं विसरतात.

मी लातूरला सरकारी नोकरीत लागले. माझ्या ड्रायव्हरचं नाव शरणप्पा. साहेब पाहणीला निघायचे, पण डांबर संपलं की त्यांची पाहणीही संपायची. त्यामुळे माझ्या लहान दांड्याला काही कामच नव्हतं. शरणप्पा त्यावर आपला ओला टॉवेल वाळत घालायचा. मला फार अपमान वाटायचा, पण सांगणार कोणाला?

मग त्र्याण्णव सालचा भूकंप झाला. लोक गणपती बोळवून नुकते झोपले होते. आमच्याकडची जुनी घरं दगडामातीची, जाड भिंतींची आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहतात म्हणून लोकांना त्यांचं मोठं कौतुक होतं. त्या रात्री ती छपरं झोपलेल्या माणसांवर बसली. औशापासून उमरग्यापर्यंत गावंच्या गावं पहाट व्हायच्या आत भुईसपाट झाली. त्यात पाऊस लागला. ट्रक चिखलात रुतले, गाड्या रस्त्याकडेला उभ्या राहिल्या. शरणप्पानं दांड्यावरचा टॉवेल काढून डोक्याला बांधला, खाली उतरून दोन्ही चकत्या फिरवल्या आणि लहान दांडा पहिल्यांदा मागे ओढला.

पुढचे दोन महिने मी डॉक्टर नेले, पाणी नेलं, दुधाची पावडर नेली. तंबूतली मुलं माझा आवाज लांबून ओळखायची. ‘दुधाची जीप आली’ म्हणून धावत यायची आणि माझ्या बॉनेटवर हात शेकत बसायची. शरणप्पा त्यांना ओरडायचा नाही. तो एरवी खूप बोलायचा, पण त्या दोन महिन्यांत मी त्याला फार थोडं बोलताना ऐकलं. तिथं मी जे पाहिलं ते सगळं मला सांगता येणार नाही, आणि तुम्हीही मला विचारू नका.

पुढं नव्या गाड्या आल्या आणि मला मागच्या आवारात उभं केलं. कौतुकाचे दिवस लवकर संपतात. माझ्या मागच्या सीटवर एका कोंबडीनं तीनदा पिलं काढली. मी कोणाच्या तरी उपयोगाची आहे, एवढं समाधान होतं. मग लिलाव झाला आणि नांदेडच्या जिलानी मिस्त्रींनी मला घेतलं.

जिलानी मिस्त्रींचं गॅरेज देगलूर नाक्याजवळ होतं. त्यांनी माझं इंजिन खोललं, प्रत्येक नट रॉकेलमध्ये धुतला आणि चार महिन्यांत मला पुन्हा बोलतं केलं. हात सोन्याचा, पण विकायची रीत उलटी. गिऱ्हाईक आलं की आधी माझे दोष सांगायचे. ते सांगून झाल्याशिवाय भावाचं नाव काढायचं नाही. सात गिऱ्हाइकं आली आणि सातही चहा पिऊन गेली. एका पोराला माळरानावर उड्या मारायला गाडी हवी होती, त्यानं तर चहाही अर्धा ठेवला. मिस्त्रींच्या बेगम आबेदा हसायच्या.

“तुम्ही असंच ऐब सांगत बसा. ही गाडी आपल्या सदफच्या लग्नात वरात काढायलाच उपयोगी येईल.”

“ऐब ऐकून जो उभा राहील, तोच हिला सांभाळेल,” मिस्त्री म्हणायचे. “बाकीच्यांनी चहा प्यावा.”

सदफ ही त्यांची मुलगी. ती नुकतीच दहावी पास झाली होती. अकरावीसाठी ती लातूरला जाणार होती आणि तिला रांधून घालायला आबेदाही बरोबर जाणार होत्या. त्या वर्षांत सगळं नांदेड, सगळा मराठवाडा लातूरला निघाल्यासारखा वाटायचा. भूकंपाला चौदा वर्षं होत आली होती. लातूर म्हटलं की आता लोकांना क्लास आठवायचे. गल्लोगल्ली पाट्या, पाट्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, आणि घरोघर वर चढवलेले नवे मजले. खाली घरमालक, वर मुलं.

त्या जूनमध्ये अण्णाराव आले. चाकूरचे शेतकरी, पांढरं धोतर, खांद्यावर रुमाल. बरोबर त्यांची मुलगी शिल्पा होती. तिला दहावीला एक्क्याण्णव टक्के पडले होते. लातूरच्या क्लासात नाव लागलं होतं. पण अण्णारावांनी एकच गोष्ट धरून ठेवली होती: मुलगी लातूरला राहणार नाही, रोज घरून जाईल आणि घरी येईल. सकाळी सहाच्या क्लासला पहिली एसटी पोहोचत नव्हती, आणि घरापासून रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर काळी माती. म्हणून त्यांना अशी गाडी हवी होती, जी डांबरावर रोज धावेल आणि चिखलातही थांबणार नाही. गाडी मिळाली तर शिक्षण, नाही तर चाकूरलाच काय असेल ते. शिल्पा माझ्याकडे अशी बघत होती की मी ब्रेक सोडून तिच्याकडे जाणारच होते.

मुलीला लातूरला का ठेवायचं नाही, याची अण्णाराव बरीच कारणं द्यायचे. मेसचं जेवण बरं नाही, पाणी बाधतं, मच्छर फार. खरं कारण मला पुढं कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. भूकंपाच्या रात्री अण्णाराव औशाकडच्या एका गावात बहिणीकडं पाहुणे होते. माळवदाखालून त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं. शेजारच्या अंथरुणावरची बहीण गेली होती. तेव्हापासून अण्णाराव कोणत्याही पक्क्या छताखाली झोपले नव्हते. गावातलं घर सोडून त्यांनी शेतात पत्र्याचं घर बांधलं. पत्रा अंगावर पडला तर खोक पडेल, माणूस मरणार नाही, असा त्यांचा हिशोब. लोक म्हणायचे, अण्णारावांना शेतीचा लई नाद. तेही ‘हाव, हाय नाद’ म्हणायचे. लातूरच्या तिसऱ्या मजल्यावर, स्लॅबखाली, आपली मुलगी झोपणार हा विचार त्यांना सहन होत नव्हता, आणि ते तिला सांगताही येत नव्हतं.

जिलानी मिस्त्रींनी दोष मोजायला सुरुवात केली.

“अण्णाराव, पहिले ऐब ऐका. थंडीत ही तिसऱ्या सेल्फला उठते. दुसरा गिअर उतारावर निसटतो, हात ठेवावा लागतो. मागचं डावं दार आतून उघडत नाही. आणि तेलाचे चार थेंब रोज जमिनीला देते, त्याशिवाय हिला चैन नाही.”

मी शरमेनं लाल व्हायची बाकी होते. पण अण्णाराव उठले नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलला.

“मिस्त्री, बाजारात बैल घेताना आम्ही बी आधी खोड इचारतो. मारका हाय का, बसका हाय का. तुम्ही न इचारता सांगून राहिले. आता मला बगू द्या.”

आणि मित्रांनो, त्या माणसानं मला बैलासारखं पारखलं. आधी लांबून भोवती तीन फेऱ्या मारल्या. मग जवळ येऊन पुढच्या जाळीत वाकून पाहिलं, दात मोजतात तसं. बॉनेटवर थाप मारली आणि मी दचकते का ते बघितलं. सपाट रस्त्यावर चालवून दाखवू का म्हटलं तर नको म्हणाले. सपाटीला कोणताही बैल पळतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला शहराबाहेर एका ओल्या वावरात नेलं, मागं विटा भरलेली ट्रॉली बांधली आणि मिस्त्रींना हँडब्रेक अर्धा ओढून ठेवायला लावला. बैलाचा दम बघायला गाडीची चाकं बांधून ओढायला लावतात, त्यातला हा प्रकार. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला, पण दोन्ही चकत्या फिरवल्या, लहान दांडा ओढला, आणि मी ती ट्रॉली बाहेर काढली. धूर जरा जास्त सोडला, ते मान्य आहे.

भाव ठरला तोही बैलबाजाराच्या रीतीनं. अण्णारावांनी रुमाल पसरला, दोघांनी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरली, आणि काही वेळानं दोघंही हसले. मला अजून माझी किंमत माहीत नाही.

असे आमचे दिवस सुरू झाले. पहाटे साडेचारला अण्णाराव मला उठवायचे, मी तिसऱ्या सेल्फला उठायचे. शिल्पा पुढं बसायची, मांडीवर पुस्तक. अण्णारावांच्या पत्नी केवळाबाई भाकरीचा डबा खिडकीतून आत द्यायच्या आणि रोज एकच बोलायच्या, “हळू न्या, लेकराचं डोकं हिंदकळू देऊ नका, त्यात सगळं भरलंय.” ओढ्याशी चकत्या फिरवायच्या, वर आल्यावर पुन्हा सोडवायच्या, आणि मग डांबरावरून लातूर.

क्लासच्या गल्लीत आई-बापांची रांग असायची. कोणी जळकोटचं, कोणी अहमदपूरचं. सगळे समोरच्या हॉटेलात चहाला जायचे. अण्णाराव चहा माझ्यातच बसून प्यायचे, कारण हॉटेलावर दोन मजले होते. माझ्या डोक्यावर कापडी हूड आहे, त्याखाली मात्र ते निवांत घोरायचे. पालकसभा दुसऱ्या मजल्यावर असायची. दर वेळी अण्णारावांचे नेमके गुडघे दुखायचे. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

एकच दिवस मला सुट्टी होती. सोमवार. अण्णारावांच्या घरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो बैलाचा दिवस, त्यानं बसून खायचं. मी घरात आल्यावर पहिल्याच सोमवारी त्यांनी माझ्यावर झूल टाकली आणि किल्ली खुंटीला लावली.

“आप्पा, जीप काय बैल हाय का?” शिल्पा म्हणाली.

“वडते का न्हाई? आपल्यासाठी राबते का न्हाई? मग तिला बी सोमवार.”

सोमवारी क्लासात फक्त दहा वाजता परीक्षा असायची. शिल्पा चालत रस्त्यावर जायची आणि एसटी धरायची. खरं सांगते, सहा दिवस धावल्यावर मला तो आराम फार गोड लागायचा. पण ती दप्तर घेऊन चिखल तुडवत निघाली की झुलीखाली मला लाज वाटायची.

अकरावी निघून गेली. बारावीला संध्याकाळचाही वर्ग सुरू झाला. आता आम्ही दिवसातून दोनदा लातूरला जायला लागलो. शिल्पाचं पुस्तक मांडीवर उघडं राहायचं आणि तिचं डोकं दाराला टेकायचं. जुलैतल्या दोन परीक्षांत तिचे गुण उतरले. क्लासच्या सरांनी गल्लीत येऊन माझ्या खिडकीशी सांगितलं, की मुलगी हुशार आहे, पण तिचे पाच तास रस्त्यावर जातात. तिला इथं ठेवा, नाही तर हे वर्ष हातचं जाईल.

त्याच क्लासातली सदफ तोवर शिल्पाची जिवाची मैत्रीण झाली होती. आबेदा म्हणाल्या होत्या, आमच्या खोलीत जागा आहे, दोघी बरोबर अभ्यास करतील, भाकरी मी दोन जास्त थापीन. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. अण्णाराव म्हणाले, बघू. मच्छर फार हायत तिकडं. शिल्पानं परतीच्या वाटेवर पुस्तक उघडलंच नाही. मी मुद्दाम दोन खड्डे चुकवले, पण त्यानं काय होणार होतं?

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी वरच्या अंगाला मोठा पाऊस झाला. आमच्या वावरात थेंब नाही आणि ओढा मात्र भरून आला. संध्याकाळी सहाच्या सुमारास पलीकडच्या काठावरून शिल्पाची हाक आली. ती परीक्षेनंतर क्लासात अभ्यासाला थांबून, रस्त्यापासून चालत आली होती आणि मधे तांबूस पाणी, कमरेच्या वर.

“आप्पा, पाणी लई हाय! मी माघारी जाते. आबेदाचाचींकडं राहते आज!”

अण्णारावांनी काय ऐकलं माहीत नाही. बहुतेक त्यांना ‘तिसरा मजला’ एवढंच ऐकू आलं. त्यांनी माझ्यावरची झूल ओढून फेकली. सोमवार असून! किल्ली लावली, आणि मी भीतीनं पहिल्याच सेल्फला उठले. केवळाबाई मागून पळत आल्या. अण्णाराव मला थेट ओढ्याच्या उताराला घेऊन आले. ते मला पाण्यात घालणार होते. मित्रांनो, मी चिखलाची जीप आहे, पुराची नाही. तसल्या वाहत्या पाण्यात माझ्यासारख्या दहा गेल्या तरी सापडणार नाहीत.

पण घाईत ते एक गोष्ट विसरले. लहान दांडा ओढला, चकत्या फिरवल्याच नाहीत. माझी मागची चाकं काठाच्या चिखलात गरगर फिरली आणि खाली बसली. मी जागची हलले नाही. आयुष्यात कधी रुतल्याचा मला इतका आनंद झाला नव्हता.

अण्णाराव उतरले. गुडघ्यावर बसून डावी चकती फिरवली. उजवीकडं वळले तर तिथं केवळाबाई चिखलात फतकल मारून बसल्या होत्या, पाठ माझ्या चाकाला लावून.

“सरक,” अण्णाराव म्हणाले.

“न्हाई सरकत. पोरगी पलीकडं ठणठणीत उभी हाय. तुमी तिला आणायला चाललात का तिच्या डोळ्यापुढं बुडायला?”

“ती तिथं झोपायची न्हाई.”

“का झोपायची न्हाई, ते तिला सांगा. मला ठावं हाय. तिला ठावं न्हाई. ती समजती की बापाला तिचं शिकणं नको हाय.”

अण्णारावही तिच्यासमोर चिखलात बसले. पलीकडून शिल्पा ओरडत होती, “आप्पा, गाडी पाण्यात घालू नका! सदफ राहती की तिथं! मलाच का न्हाई?”

मग ते उठले. चौदा वर्षं जे हळूसुद्धा बोलले नव्हते, ते त्यांना पाण्याच्या आवाजावरून ओरडून सांगावं लागलं.

“मला भ्या वाटतं, शिल्पे! छताचं भ्या वाटतं! तुझी आत्या माझ्या हाताला लागत होती. मी हाका मारून राहिलो, ती आधी व्हय म्हणायची. मग म्हणंना झाली. वरचं छत मला उचललं न्हाई!”

मला वाटलं, पाण्यात शब्द वाहून गेले. पण शिल्पानं दप्तर खाली ठेवलं होतं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

“आप्पा, हे आधी का न्हाई सांगितलं?” तिनं ओरडून विचारलं. “मी तुमच्यावर वर्षभर रागावले ना!”

“काय सांगू? बाप असून भितो म्हून सांगू?”

“हाव! सांगायचं!” ती म्हणाली. “ऐका. आज मी जाते. उद्या तुम्ही या आणि खोली बघा. तुम्हाला न्हाई पटली तर मी पुन्हा त्या खोलीत झोपणार न्हाई. पण बघायला यायचं. गुडघे दुखतात म्हणायचं न्हाई!”

केवळाबाई चिखलात बसल्या बसल्या हसल्या. डोळे पुसायला पदर घेतला तर तोही चिखलाचा. अण्णारावांनी हात वर केला, आणि शिल्पा उजेड होता तोवर रस्त्याकडं चालू लागली. साडेआठला आबेदांचा फोन आला, की पोरगी पोचली आणि जेवून बसली. त्या रात्री अण्णाराव झोपले नाहीत. मी काठावर रुतलेली होते, ते सकाळपर्यंत माझ्याजवळ येऊन जाऊन होते.

सकाळी ओढा उतरला. बैलजोडीनं मला बाहेर काढलं. हे सांगायला मला कमीपणा वाटतो, पण खोटं कशाला बोलू? नवरा-बायकोला घेऊन मी लातूरला त्या इमारतीसमोर उभी राहिले. घरमालक मडिवाळप्पा खालीच राहायचे. पालक आलेले बघून त्यांनी सवयीनं सुरुवात केली, “चोवीस तास पाणी, अभ्यासाला शांत वातावरण...”

“मालक, गुण ऱ्हाऊ द्या,” अण्णाराव म्हणाले. “आधी खोड सांगा.”

मडिवाळप्पा गोंधळले. त्यांना आजवर असं कोणी विचारलं नसावं.

“पाणी... चोवीस तास न्हाई, दोनच तास येतं,” ते म्हणाले. “वरची टाकी झिरपते. जिना अरुंद हाय. समोर लग्नाचं कार्यालय, बँड लई वाजतो.”

“आन् घर?”

तेव्हा कुठं मडिवाळप्पांना प्रश्न कळला. त्यांनी अण्णारावांकडं नीट पाहिलं. “भूकंपानंतर बांधलंय,” ते हळूच म्हणाले. “मी बी त्या रात्री औशातच होतो. हे बांधताना खांबातली सळई सळई मी पुढं उभं राहून बांधून घेतली. माझी दोन नातवंडं खाली पाळण्यात झोपतात.”

अण्णारावांनी पुढच्या खांबाला थाप मारली, माझ्या बॉनेटला मारली होती तशीच. मला थोडा हेवा वाटला. मग ते जिना चढू लागले. जिन्याला दर मजल्यावर एक खिडकी होती, तिच्यातून मला ते दिसत होते. पहिल्या मजल्याशी थांबले. दुसऱ्याशी जास्त थांबले, भिंतीला हात लावून. केवळाबाईंनी त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला होता. तिसऱ्या खिडकीत मला दोघंही दिसले, आणि मग दिसेनासे झाले.

मी खाली वाट बघत राहिले. दहा मिनिटं, अर्धा तास, तास. माझ्या मनात नको ते यायला लागलं. त्यांना घाबरंघुबरं झालं असेल का? शिल्पावर रागावले असतील का? गल्लीतून दुपारची मुलं सुटली, सायकली गेल्या. दीड तासानं केवळाबाई एकट्याच खाली आल्या. माझं दार उघडून आत बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता रडू लागल्या, आणि पुन्हा हसू लागल्या. क्लास सुटून आलेली सदफ त्यांना बघून धावत आली.

“चाची, काय झालं?”

“झोपलेत,” केवळाबाई म्हणाल्या. “तुझ्या मायनं चटईवर बसवलं, भाकरी-वरण वाढलं. भिंतीला टेकले आन् बसल्या जागी झोपले. स्लॅबखाली, गं! घोरायलेत! चौदा वर्षांत मी ह्यांना असं झोपलेलं बघितलं न्हाई.”

मी कान देऊन ऐकलं. खरंच, तिसऱ्या मजल्याच्या उघड्या खिडकीतून तो ओळखीचा आवाज येत होता.

अण्णाराव चार वाजता उठले. खिडकीत आले, खाली माझ्याकडं पाहिलं, वर छताकडं पाहिलं. खाली उतरल्यावर शिल्पाला एवढंच म्हणाले, “उद्या गादी आणू का नुसती सतरंजी पुरे?” शिल्पानं त्यांना मिठी मारली, भर गल्लीत, सगळ्या आई-बापांसमोर. माझी रोजची लातूरवारी त्या दिवशी संपली. आता शनिवारी आणायचं आणि रविवारी सोडायचं. मला थोडं वाईट वाटलं. कामाची सवय झाली की असंच होतं. पण मला जे काम दिलं होतं, ते पुरं झालं होतं.

तर मित्रांनो, तुम्ही कधी जुनी गाडी घेतलीत तर तिला वेळेवर तेल द्या, तिचं ऐकून घ्या आणि आठवड्यातून एक दिवस तिला उभी राहू द्या. आणि क्लासच्या गल्लीतून जाताना हॉर्न वाजवू नका. त्या दुपारी केवळाबाई माझ्या दारात उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होत्या, टेम्पोला, रिक्षाला, लग्नाच्या बँडवाल्यांनासुद्धा. “भाऊ, जरा गप जा,” त्या सांगत होत्या. “वर आमचं माणूस झोपलंय.”